बाराशेचा राऊटर, पंचेचाळीसचा पारा

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर राऊटर घ्यायला गेलात की दुकानदार दोनच गोष्टी विचारतो: बजेट किती आणि अँटेना किती. मग काउंटरवर खोकी येतात. एसी १२००, एएक्स १५००, एएक्स ३०००. घरी शंभर एमबीपीएसचा प्लॅन असलेल्या माणसाला वाटतं, बाराशे म्हणजे आपल्याला बारा पट जास्तच झालं. खोक्यावरच्या आकड्यांत हा ठळक आकडा सर्वांत कमी कामाचा असतो. कामाचे आकडे बारीक टायपात, खोक्याच्या मागच्या बाजूला असतात.

बाराशेची फोड अशी: २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर ३००, पाच गिगाहर्ट्झवर ८६७. बेरीज ११६७. वरचे ३३ कंपनीने आपल्या पदरचे घातले. फोन सहसा एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे ही बेरीज कुठल्याच फोनपर्यंत पोचत नाही. ८६७ सुद्धा हवेतला वेग. फोनच्या हाती लागतो त्याच्या निम्म्याच्या आसपास, तोही राऊटरच्या खोलीत बसून. तीन हजारवाल्याची फोड ५७४ अधिक २४०२. यातल्या २४०२ साठी १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल लागतो आणि बहुतेक फोनना तो जमत नाही. अँटेनांचंही तेच. राऊटरला चार असोत की आठ, फोनमध्ये बहुधा दोनच असतात, आणि वेग कमी असलेल्या बाजूने ठरतो.

आता खोकं उलटं करा. स्वस्तातल्या पुष्कळ बाराशेवाल्या राऊटरांच्या मागच्या सॉकेटपुढे ‘१०/१००’ लिहिलेलं असतं. म्हणजे वायरने आत येणारा वेग जास्तीत जास्त शंभर. रावेरच्या एखाद्या केळीवाल्याने चार इंची बोअरला अर्ध्या इंचाची नळी लावावी, तसा हा प्रकार. प्लॅन दीडशे-दोनशेचा असेल, तर वरचे पैसे दर महिन्याला वाया. ‘गिगाबिट’ हा शब्द शोधा. तो नसेल तर खोकं परत ठेवा.

या व्यवहारातले खरे अफाट आकडे खोक्यावर कुठेच नसतात. ते मोजायला लागणारी नावं मात्र आपल्याच जिल्ह्याशी जोडलेली आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात, इ. स. १२०७ चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढल्याची नोंद त्यात आहे. (भास्कराचार्यांचं गाव विज्जडविड नेमकं कुठलं, यावर पंडितांचं भांडण अजून मिटलेलं नाही. शिलालेख आपला, एवढं नक्की.) ‘लीलावती’मध्ये त्यांनी एक, दहा, शंभरपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अब्जाच्या पुढची नावं आपण वापरणं सोडलं, कारण बाजारहाटात तेवढं मोजायची वेळच येत नाही. राऊटरने ती आणली आहे.

राऊटरचा अँटेना सेकंदाला २.४ अब्ज वेळा थरथरतो. त्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर. पाच गिगाहर्ट्झची लहर त्याच्या निम्म्याहून आखूड. घराच्या भिंतीपर्यंत येणाऱ्या फायबरमधला प्रकाश सेकंदाला सुमारे दोन जलधी आंदोलनं घेतो, म्हणजे दोनावर चौदा शून्यं. त्या काचेतून जळगावहून धुळ्याचं नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचं अंतर तोडायला प्रकाशाला अर्धा मिलीसेकंद पुरतो. एवढी वाट त्याने बिनबोभाट कापायची आणि हॉलमधून बेडरूममध्ये जाताना धाप टाकायची, हा आपल्या घरांचा पराक्रम.

मे महिन्यातली खानदेशातली रात्र घ्या. खाली झोप येत नाही, गाद्या गच्चीवर, आयपीएलची मॅच मोबाईलवर. राऊटर खाली हॉलमध्ये. तिथून सिग्नल निघतो तेव्हा त्याची शक्ती वॅटचा दहावा भाग असते. मोकळ्या हवेत एका मीटरवरच फोनच्या वाट्याला त्यातला दहा हजारावा हिस्सा उरतो. दहा मीटरवर दहा लाखावा. वाटेत विटांच्या दोन भिंती आल्या आणि प्रत्येकीने साधारण दहातला एकच भाग पुढे सोडला, की दहा कोटीवा. शेवटी लोखंड घातलेला स्लॅब. तो शंभरातला एक सोडतो असं धरू. म्हणजे गच्चीवर पोचतो तो निघालेल्या शक्तीचा खर्वावा भाग. एकावर दहा शून्यं, तेवढ्यातला एक.

आणि एवढ्यावरही फोन चालतो! रडतखडत चालतो, मॅच मध्येच गोल फिरते, पण चालतो. माझ्या मते तंत्रज्ञानातलं आश्चर्य ते बाराशे नव्हे, हे आहे. दुपारी त्याच गच्चीवर तोच फोन उन्हात ठेवला, तर त्याच्या काचेवर सुमारे दहा वॅट ऊन पडतं. रात्री झेललेल्या वाय-फायच्या ते महापद्म पट भरतं, एकावर बारा शून्यं. वाय-फायच्या ‘रेडिएशन’ला भिऊन रात्री राऊटर बंद करणाऱ्या आणि दुपारी टोपीशिवाय बाजारात जाणाऱ्या मंडळींनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल तेवढ्याच अंतरावर मोकळ्या हवेतसुद्धा पाच पट क्षीण होतो, आणि स्लॅबपुढे बहुधा हात टेकतो. म्हणून गच्चीवर जुना २.४ च कामी येतो आणि तिथे गर्दी आहे. हा सगळा बँड ८३.५ मेगाहर्ट्झ रुंदीचा, आणि त्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच: एक, सहा आणि अकरा. अपार्टमेंटमध्ये वीस राऊटर असले तर वीसही जण या तिघांत दाटीवाटीने बसतात. वाय-फायचा शिष्टाचार असा की आधी ऐकायचं, कुणी बोलत नसेल तरच बोलायचं. थांबून ऐकण्याचं एक माप नऊ मायक्रोसेकंदांचं. तेवढ्यात लहर पावणेतीन किलोमीटर जाते. डोळ्याची पापणी लवेपर्यंत अशी तेहतीस हजार मापं होऊन जातात. शेजारी वाढले की प्रत्येकाचं थांबणं वाढतं. पाच गिगाहर्ट्झमध्ये भारत सरकारने २०१८ साली एकूण ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना मोकळे केले, म्हणजे २.४ च्या सात पटींहून जास्त जागा. तेव्हा दोन्ही बँड असलेलाच राऊटर घ्यावा. एकाच बँडचा ‘एन ३००’ अजून मिळतो, स्वस्तही पडतो. शहरात तो घेऊ नये.

जागेचं म्हणाल तर आपल्याकडे खिडकीत कूलर असतो. पत्र्याची पेटी आणि तळाशी पन्नास-साठ लिटर पाणी. पत्रा लहर परतवतो, पाणी ती शोषतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झवर, अन्नातलं पाणी तापवतो. कूलरच्या आडोशाला ठेवलेला दहा हजारांचा राऊटर उघड्यावर ठेवलेल्या दीड हजारवाल्यापुढे हरतो.

मग येतो पारा. बहुतेक घरगुती राऊटरांच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान शून्य ते चाळीस अंश दिलेलं असतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि तो मोजतात सावलीत. आपण राऊटर कुठे ठेवतो? छताला लागून, तापलेल्या स्लॅबखाली, कधी लाकडी पेटीत, कधी इन्व्हर्टरच्या पाठीवर. शिवाय त्याची स्वतःची उष्णता. तो दहा वॅट खातो असं धरलं तर वर्षाच्या ८,७६० तासांत सुमारे ८८ युनिटं होतात, आणि ती जवळपास सगळी उष्णता होऊनच बाहेर पडतात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: दर दहा अंशांनी कपॅसिटरचं आयुष्य निम्मं. पंचवीस अंशांच्या एसी खोलीतला कपॅसिटर आणि पंचेचाळीसच्या फळीवरचा कपॅसिटर यांच्या आयुष्यात, तेवढ्या तासांपुरता, चार पटींचा फरक. उन्हाळ्यात राऊटर ‘आपोआप बंद-चालू होतो’ ही तक्रार आपल्याकडे नवी नाही.

त्यात पुष्कळदा बिचाऱ्या राऊटरचा दोषच नसतो. आधी मरतो अडॅप्टर. त्यातले कपॅसिटर वाळले की दिवे लागतात, पण दोन-तीन फोन जोडले की व्होल्टेज बसतं आणि राऊटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. नवा घेण्याआधी तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा, पिनची दिशा जुळणारा दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. १२ व्होल्टचा राऊटर असेल तर ९ व्होल्टचा लावू नये, आणि उलटं तर मुळीच नाही.

पासवर्डचा हिशेब मात्र थोडा घाबरवणारा आहे. जुन्या डब्ल्यूपीए२ मध्ये फोन जोडला जातानाची देवाणघेवाण कुणी पकडली, तर तो घरी बसून पासवर्ड ताडू शकतो. प्रत्येक अंदाजाला ४,०९६ फेऱ्या कराव्या लागतात, तरीही एखादं दमदार ग्राफिक्स कार्ड सेकंदाला वीस लाखांहून जास्त अंदाज तपासतं. आठ आकडी पासवर्ड म्हणजे दहा कोटी शक्यता, पन्नास सेकंद. आपला लाडका पासवर्ड म्हणजे स्वतःचा मोबाईल नंबर. सहा ते नऊने सुरू होणारे दहा आकडे, चार अब्ज शक्यता, साधारण तेहतीस मिनिटं. तेच बारा अक्षरांचा, लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे वेडेवाकडे मिसळलेला पासवर्ड घेतला तर सत्तेचाळीस परार्ध शक्यता होतात, आणि एका कार्डाला त्या सगळ्या तपासायला पंच्याहत्तर हजार वर्षं लागतात. आतल्या १२८ बिटी कुलपाच्या किल्ल्या तर परार्ध गुणिले परार्ध, त्याच्याही चौतीस हजार पट. तिथे भास्कराचार्यांची यादी संपते. कुलूप एवढं भक्कम आणि किल्ली दुकानाच्या पाटीवर छापलेली, अशी आपली तऱ्हा. नव्या राऊटरमध्ये डब्ल्यूपीए३ असेल तर हे घरी बसून ताडणंच बंद होतं. राऊटर बदलायला माझ्या लेखी वेगापेक्षा हे कारण मोठं आहे.

घ्यायचाच असेल तर: गिगाबिट पोर्ट, दोन्ही बँड, डब्ल्यूपीए३, आणि जमलं तर वाय-फाय ६. एएक्स १५०० वर साध्या घराचं भागतं. तीन हजारवाल्याचे जास्तीचे पैसे वाचवून वरच्या मजल्यापर्यंत कॅट-६ वायर ओढून घ्या आणि तिथे दुसरा छोटा ॲक्सेस पॉइंट बसवा. वायर शंभर मीटरपर्यंत पूर्ण वेग नेते, स्लॅब तिला अडवत नाही. बिनवायरचा एक्स्टेंडर सहसा त्याच चॅनलवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग निम्मा करतो. फायबरवाल्याने दिलेला डबा फेकू नका. काचेतला प्रकाश तिथे संपतो, नवा राऊटर त्याच्या मागे लागतो. फायबरवाल्याकडून लॉगिनचं नाव आणि पासवर्ड आधीच मागून ठेवा, नाहीतर रविवारी फोन उचलणार नाही. आणि राऊटर छातीच्या उंचीवर, उघड्यावर, कूलर आणि इन्व्हर्टरपासून लांब बसवा. मे महिना लागण्याआधी.