टाकी भरलेली, तरी गाडी बंद!

डिझेल संपले की ट्रक बंद पडतो, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. पण टाकीत पुरेसे डिझेल असूनही ट्रक अडून बसला तर?

मे महिन्यातली रात्र होती. एका परिचितांच्या जुन्या ट्रकमधून मी रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो होतो. मागे हापूसच्या पेट्या होत्या. साखरपा मागे पडून आंबा घाटाचा चढ लागला, तसा इंजिनाचा आवाज कमी-जास्त होऊ लागला. एका वळणावर दोन आचके देऊन गाडी थांबली. पहाटेच्या सौद्याला माल पोचला नाही, तर पिकत आलेल्या आंब्याला आणखी एक दिवस ताडपत्रीखाली काढावा लागणार होता.

"पंप गेला असंल, मामा," क्लीनर म्हणाला. पंप उतरवून दुरुस्तीला न्यायचा म्हणजे दोन दिवस मोडणार आणि खर्चही मोठा. ड्रायव्हरमामांनी चाकांना दगड लावायला सांगितले आणि विजेरी हातात घेतली. "आधी बघू तर खरं. गाडीनं एअर घेतली असंल."

एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली. एवढ्याशा हवेने एवढे मोठे इंजिन कसे बंद पडते?

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवतात, की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पण दाबलेल्या हवेत डिझेल घुसवायचे, तर त्याच्यामागे फारच मोठा दाब हवा. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897 साली यशस्वी झाले, तेव्हा इंधन आत ढकलायला वेगळी दाबलेली हवा वापरावी लागे. पुढे डिझेललाच दाब देणारे पंप आले. 1927 साली बॉश कंपनीने असे पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. जुन्या ट्रकमध्ये नोझल उघडायला वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 200 पट दाब लागतो.

आता एक प्रयोग करा. सुई नसलेली इंजेक्शनची सिरिंज घ्या. तिच्यात पाणी भरून हवेचे बुडबुडे घालवा, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. तो हलत नाही. आता पाण्याऐवजी हवा भरून दाबा. दट्ट्या आत जातो आणि सोडताच मागे येतो.

पंपातही हेच घडते. 200 पट दाबाखाली डिझेलचे आकारमान शेकडा एक-सव्वा भागच कमी होते, त्यामुळे दट्ट्याचा रेटा थेट नोझलपर्यंत पोचतो. पण दट्ट्यापुढे हवा असेल तर? समजा, ती दाबली जाऊन दहाव्या हिश्शाएवढ्या जागेत आली. बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब दहापट झाला. दाबताना हवा तापते म्हणून तो पंचवीसपट धरला, तरी 200 कुठे राहिले! नोझल बंदच राहते.

मग ही हवा शिरते कुठून? टाकीतून फीड पंप डिझेल ओढतो, तेथून ते फिल्टरमध्ये आणि पुढे मुख्य पंपात जाते. 'ओढतो' हा बोलण्यातला शब्द झाला. खरे तर फीड पंप नळीतला दाब कमी करतो आणि टाकीतल्या डिझेलवरचा वातावरणाचा दाब ते पुढे ढकलतो. म्हणून फीड पंपाच्या पुढे नळी फुटली, तर डिझेल बाहेर गळते. मागे चीर पडली, तर बाहेरची हवा आत शिरते, आणि इंजिन चालू असताना बाहेर थेंबही दिसत नाही. सरबताच्या नळीला वरच्या बाजूस टाचणीने भोक पाडून ओढून पाहा, म्हणजे पटेल.

मामांनी प्रथम टाकीचे झाकण उघडले. झाकणाचे श्वासछिद्र बुजले असते, तर टाकीतला दाब उतरून झाकण उघडताना 'सुस्स' आवाज झाला असता. तसे झाले नाही. बाहेर कुठे गळतीही नव्हती. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून त्यांनी फीड पंपाचा हातपंप मारला. फेस आला! कितीही मारला तरी फेस थांबेना. तेव्हा टाकीकडून येणारी नळी सोडवून, फीड पंपाला दुसरा रबरी तुकडा जोडून त्याचे टोक डिझेलच्या डब्यात बुडवले. थोड्याच वेळात फेस थांबला. फिल्टर निर्दोष, फीड पंपही निर्दोष. दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामध्येच!

विजेरीच्या उजेडात सापडली ती क्लिपेजवळ तडकलेली रबरी नळी. सपाटीवर ती निभावून नेत होती. चढावर इंजिनाला डिझेल जास्त लागते, शिवाय मागची टाकी इंजिनाच्या मानाने आणखी खाली जाते. दोन्हींमुळे नळीतला दाब अधिक उतरला आणि हवा जास्त शिरली. मामांनी तडकलेले टोक कापून नळी पुन्हा बसवली, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारला, फिल्टर, पंप आणि नोझलच्या नळ्या अशी क्रमाने हवा काढली. इंजिन सुरू झाले. सौद्याला आम्ही वेळेवर पोचलो.

एक इशारा. एप्रिल 2020 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज-6 ट्रकांमध्ये इंधनाचा दाब हजार-दीड हजार पटींच्याही वर जातो. तेथे चालू इंजिनाची नळी सैल करणे जिवावर बेतू शकते, कारण डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. अशी गाडी जाणकारांकडेच न्यावी.

मामांनी त्या रात्री एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि प्रत्येक खेपेला विचारले, दोष अलीकडे की पलीकडे? प्रयोगशाळेत विजेचे मंडल चालेनासे झाले, की लगेच मीटर बदलायला धावू नका. आधी हाच प्रश्न विचारा.