बॅटरी फिरवण्याआधी

विसाव्या शतकात यवतमाळ शहराला ब्रॉडगेज लाभली नाही. मूर्तिजापूरला जाणारी नॅरोगेजची शकुंतला होती. तिचं १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. पुसद, उमरखेड, पांढरकवडा या गावांची भिस्त सडकेवरच. अशा मुलखात जुनी मोटार टिकते ती गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हातावर. जुनी गाडी दुकानात आली की त्यानं आधी एकच गोष्ट बघावी: बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय?

आजच्या गाड्यांत निगेटिव्ह टोक चेसिसला, म्हणजे अर्थला, असतं. लुकास कंपनीचं विजेचं सामान असलेल्या मॉरिस, ऑस्टिन, ट्रायम्फ हेराल्ड अशा जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह असायचं. आपली अँबेसेडर मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली, त्यामुळे जुनं मॉडेल असेल तर बॅटरी पाहिल्याशिवाय काही गृहीत धरू नये. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्यात जोडलेल्या डॉज आणि प्लिमथ क्रायस्लर घराण्यातल्या. १९५५ पर्यंतच्या क्रायस्लर गाड्या सहा व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या. त्याच कारखान्यातली फियाट ११०० मात्र निगेटिव्ह अर्थची.

जुनी रीत अडाणीपणाची नव्हती. स्पार्क प्लगचा मधला इलेक्ट्रोड सर्वांत जास्त तापतो. तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून मधलं टोक निगेटिव्ह असलं की ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते. पॉझिटिव्ह अर्थमुळे गंज कमी चढतो, असाही समज होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तर जमिनीखालच्या केबल गंजू नयेत म्हणून ४८ व्होल्टच्या बॅटरीचं पॉझिटिव्ह टोकच अर्थ करत आले आहेत. पुढे ट्रान्झिस्टरचे रेडिओ आणि डायोड असलेले अल्टरनेटर आले, आणि १९६० च्या दशकात ब्रिटिश कंपन्याही निगेटिव्हकडे वळल्या. उलट्या बॅटरीनं डायोड क्षणात जळतो.

पॉझिटिव्ह अर्थची गाडी निगेटिव्हवर आणण्याचं काम खर्चाचं नाही, पण त्याचा क्रम पाळावा लागतो. आधी बॅटरी सोडवायची, फिरवून बसवायची. पॉझिटिव्ह खांब जाडसर असतो, त्यामुळे क्लॅम्प बदलावे लागतात. मग इग्निशन कॉईलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल; प्लस-मायनसची खूण असेल तर आता मायनस डिस्ट्रिब्युटरकडे. ही पायरी सर्वांत जास्त विसरली जाते, कारण ती न करताही गाडी चालते. फक्त ठिणगी उलटी पडते, गाडी थंडीत लवकर उठत नाही, चढावर मिसिंग करते, आणि दोष कार्ब्युरेटरच्या माथी बसतो.

या कामातला माझ्या लेखी सर्वांत सुंदर भाग बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनेमोचा. इंजिन बंद असतानाही त्याच्या पोल शूमध्ये थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, आणि वीज कोणत्या दिशेनं निघणार हे तेच ठरवतं. ते उलटवायचं असतं. लुकासच्या डायनेमोवर फील्ड टर्मिनलची तार काढायची, आणि नव्या रीतीनं जोडलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक तार त्या टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर टेकवायची. बारीक ठिणगी दिसते आणि काम झालेलं असतं. हे राहून गेलं तर डायनेमो आणि बॅटरी एकमेकांच्या विरोधात उभे राहतात आणि त्यांच्यामधल्या कटआउटचे पॉइंट जळतात. कुर्ल्याच्या डॉज-प्लिमथमध्ये फील्डची जोडणी वेगळी. तिथे कटआउटवरच्या बॅटरी आणि आर्मेचर या दोन टर्मिनलांमध्ये क्षणभर तार टेकवतात. एकाची पद्धत दुसऱ्याला लावू नये.

अँपिअर मीटरच्या तारा उलटवल्या नाहीत तर चार्जिंग चालू असताना काटा डिस्चार्ज दाखवतो. दिवे आणि हॉर्न यांना फरक पडत नाही. सेल्फही उलटा फिरत नाही, कारण त्याच्या फील्ड आणि आर्मेचर दोन्हींतला प्रवाह एकदमच पालटतो. हे पहिल्यांदा समजणाऱ्या शिकाऊ मुलाला जो आनंद होतो, तो मला फार मोलाचा वाटतो. कायम चुंबकाची मोटर असलेला ब्लोअर मात्र उलटा फिरेल. इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर, जुना रेडिओ, डायोड बसवलेला पेट्रोल पंप यांची खात्री बॅटरी जोडण्याआधी करून घ्यायची.

माझं मत स्पष्ट आहे: गाडी डायनेमोवर नीट चालत असेल आणि तिच्यात नवं इलेक्ट्रॉनिक काही बसवायचं नसेल, तर हात लावू नये. अल्टरनेटर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं असेल तर जरूर बदलावं. पण बदललं की बॅटरीजवळ ठळक अक्षरांत ‘निगेटिव्ह अर्थ’ लिहायचं आणि गाडीच्या कागदांत नोंद ठेवायची. मूळ पुस्तकात पॉझिटिव्ह छापलेलं असतं, आणि पुढचा मिस्त्री पुस्तकावरच विश्वास ठेवणार. रात्री पांढरकवड्याच्या रस्त्यावर कुणी मदतीला थांबून दुसऱ्या गाडीवरून जंपर लावायला निघाला, तर त्यालाही ती दोन अक्षरं वाचता यायला हवीत. नाहीतर दोन्ही बॅटऱ्या शॉर्ट होतील.