किलोवरचं काम

दिवाळीनंतर मंठा-परतूरकडच्या शिवारात कापसाची वेचणी जोरात असते. धुऱ्यावरच्या बाभळीखाली नऊ-दहा वर्षांचा मुलगा गोधडीच्या लोडाला टेकवून बसवलेला. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, म्हणून मांड्यांमध्ये जुन्या लुगड्याची गुंडाळी. नवरा नाही, माय एकटीच कंबरेला ओटी बांधून वेचते आहे.

वेचणी किलोवर असते, संध्याकाळी काट्यावर भरेल तेवढे पैसे. म्हणूनच तिनं हे काम धरलंय. खुरपणीला रोजानं गेलं की सगळ्या बायांबरोबर पात धरावी लागते. मध्येच उठलं तर बोलणी बसतात. किलोवर कुणी विचारत नाही. उठलं की आपलाच कापूस कमी भरतो.

उठावं तर पुष्कळदा लागतं. या लेकराला आडवं ठेवून घास देता येत नाही. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, आणि चमच्याच्या टोकावर मावेल एवढाच दूध-भाकरीचा काला. गिळल्याचं गळ्याशी दिसलं की पुढचा घास. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत उतरतं, ठसका लागतो, कधी न्यूमोनियावर जातं. एका वाटीला अर्धा तास सहज जातो. तेवढ्यात शेजारणीची ओटी गोणीत रिकामी झालेली असते. मग पाय. टाच धरून पाऊल हळूहळू वर न्यायचं, तसंच धरून ठेवायचं. हिसका दिला तर स्नायू आणखी आवळतो. घरात दुसरं माणूस असतं तर एकानं वेचलं असतं, एकानं भरवलं असतं.

सरकार मोजतं ते मुलाचं अपंगत्व. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याचे 21 प्रकार आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या तपासणीत 40 टक्के भरलं की योजनांची दारं उघडतात. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना मिळणारे महिना 1,500 रुपये ऑक्टोबर 2025 पासून 2,500 झाले. चांगलंच झालं. पण मायच्या बुडालेल्या किलोंना कुठल्याच अर्जात रकाना नाही. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्यासाठी महिना 600 रुपये ठरवले आहेत. रक्कम तुटपुंजीच, तरी सांभाळणं हेही काम आहे, एवढं कागदावर आलं.

मुलगा 18 चा झाला की आणखी एक फेरा. कायद्यानं तो सज्ञान होतो आणि आईचं पालकत्व संपतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करून ते पुन्हा मागून घ्यावं लागतं. तारीख वेचणीच्या दिवसांत निघाली तर तोही दिवस किलोतूनच जायचा.