होकायंत्राची पाठ

भायखळा स्टेशनातून पूर्वेला निघालं की रे रोडपलीकडे दारूखाना लागतो. तिथे जहाजं तोडली जातात. दक्षिणेला जे.जे. रुग्णालयाच्या पुढे गेलं की चोरबाजारातली मटण स्ट्रीट. जुन्या जहाजांतलं सामान तिथे विकायला मांडलेलं दिसतं. अशा मालात जाड काचेचं, काळ्या रंगाचं एखादं होकायंत्र 'विमानातलं' म्हणून पुढे केलं जातं. नोव्हेंबर 2014 मध्ये जुनी विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत दारूखान्यात तोडायला घेतली, तेव्हापासून 'विक्रांतवरचं' एवढा एक शब्द कुठल्याही जुन्या यंत्राचा भाव वाढवायला पुरेसा आहे. पण या शब्दाने ओळख पटत नाही. जहाजाला स्वतःची होकायंत्रं असतात, आणि 1961 ते 1997 या सेवाकाळात विक्रांतच्या डेकवरून ब्रिटिश सी हॉक उडाली, तशी फ्रेंच अलिझेही उडाली. म्हणून 'विक्रांतवरच्या विमानातलं' हे खरं असलं तरी यंत्र कोणत्या देशाचं, कोणत्या पद्धतीचं, हे अजून सांगायचंच असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की अशी वस्तू आधी वाचावी आणि गोष्ट नंतर ऐकावी.

वाचायची कशी, ते एका यंत्रावरून सांगतो. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत 'पी 8' नावाचं होकायंत्र असे. वाटीसारखं भांडं, त्यात अल्कोहोल, त्यात तरंगणारी चुंबकसुई, आणि वर अंशांच्या खुणा असलेलं फिरतं कडं. कड्याच्या काचेवर दोन समांतर रेषा. वैमानिक आकडा वाचत बसत नसे. तो हवी ती दिशा कड्यावर लावून कडं घट्ट करी आणि सुई त्या दोन रेषांना समांतर होईपर्यंत विमान वळवी. जहाजाच्या नेहमीच्या होकायंत्रात उलट असतं: अंश लिहिलेली तबकडीच तरंगते, आणि समोरच्या स्थिर रेषेशी कोणता आकडा आला ते सुकाणूवाला वाचतो. म्हणजे हे यंत्र वापरणारा त्याच्याकडे कसा पाहत होता, हा पहिला प्रश्न. या एका प्रश्नाने बराच गोंधळ मिटतो, सगळा नाही. कारण तरंगत्या तबकडीची लहान होकायंत्रं विमानांतही भरपूर होती.

म्हणून यंत्र उलटं करायचं. माहिती पाठीमागे असते. ब्रिटिश हवाई दलाच्या वस्तूवर मुकुट आणि त्याखाली 'ए.एम.' ही अक्षरं असतात, म्हणजे एअर मिनिस्ट्री. हे खातं 1964 मध्ये संरक्षण मंत्रालयात विलीन झालं, त्यामुळे ही खूण म्हणजे वयाचा बऱ्यापैकी भरवशाचा पुरावा. शेजारी '6 ए'ने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो त्यांच्या भांडारयादीतला विमानयंत्रांचा विभाग. अमेरिकी यंत्रांवर 'ए.एन.', म्हणजे आर्मी-नेव्ही, असा आरंभ सापडतो. सोव्हिएत यंत्रांवर अक्षरं सिरिलिक असतील, किंवा निर्यातीसाठी रोमन केलेली असतील. पण होकायंत्राऐवजी उंची किंवा वेग दाखवणारं यंत्र हाती आलं आणि त्यावर उंची मीटरमध्ये किंवा वेग ताशी किलोमीटरमध्ये दिसला की नाशिकजवळच्या ओझरला बांधल्या गेलेल्या मिगच्या घराण्याचा विचार करावा. उंची फुटांत असेल तर बहुधा ब्रिटिश किंवा अमेरिकी. मग मापं घ्यायची: पॅनेलमध्ये बसणारी अनेक यंत्रं सव्वातीन इंचांपेक्षा किंचित लहान, म्हणजे 3⅛ इंचाच्या गोल भोकासाठी बनलेली असतात. दिशादर्शक जायरोच्या, म्हणजे फिरत्या चाकाच्या आधारे दिशा दाखवणाऱ्या यंत्राच्या, पाठीला हवेच्या नळीचं तोंड असेल तर तो हवेच्या ओढीने फिरणारा. अनेक पिनांचं सॉकेट असेल तर विजेचा. पुढच्या बाजूची गोल खुंटीही बोलते. जायरो हळूहळू भरकटतो, त्याला दर दहा-पंधरा मिनिटांनी होकायंत्राशी जुळवून घ्यावं लागे. ती खुंटी त्यासाठी.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: पाटी बदलता येते. येतेच. म्हणून एकट्या पाटीवर विसंबू नये. पाटी, मापं, एकक, स्क्रूंची झीज आणि रंगाचे थर हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं का ते पाहावं. जुन्या रंगावर नवीन स्क्रूचा चकचकीत माथा दिसला की थांबावं. दुसरा आक्षेप जास्त अवघड. युद्धानंतर हवाई दलाची ही होकायंत्रं जादा माल म्हणून विकली गेली आणि अनेक लहान बोटींवर बसली. मग दारूखान्यातल्या बोटीवरून उतरलेलं 'ए.एम.' खुणेचं यंत्र विमानातलं की बोटीवरचं? उत्तर दोन्ही असू शकतं. बनलं विमानासाठी, आयुष्य काढलं पाण्यावर. इथे विक्रेत्याची गोष्ट कामाची ठरते, कारण लॉट कुठून आला हे पाटीला ठाऊक नसतं, त्याला असतं. फक्त त्याचं सांगणं वेगळ्या ओळीत, 'विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार' असं लिहून ठेवावं. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढच्या माणसाला ती सोडवता येत नाही.

शोभेची वस्तूच तर आहे, एवढी चिकित्सा कशाला, असंही कोणी म्हणेल. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. त्या काळात होकायंत्र चुकलं तर वैमानिकाची वाट चुकली. माणसाचा जीव ज्यावर टांगलेला होता त्या वस्तूला खोटं नाव देणं मला पटत नाही. शिवाय कारण साधं, घरगुतीही आहे. त्या काळच्या कित्येक तबकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग लावत. आज तो तपकिरी पडलेला असतो, चमकत नाही, म्हणून लोकांना तो मेलेला वाटतो. मेलेला असतो तो त्यातला चमकणारा झिंक सल्फाइड. रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे 1600 वर्षं लागतात. ओळख न पटवता काच काढली, तबकडी खरवडली, तर ती धूळ श्वासात जाते.

तेव्हा असं यंत्र हाती आलं तर काच उघडू नका. ब्रासो लावण्याआधी पाठीचा, पाटीचा आणि चारही स्क्रूंचा फोटो काढा, आणि कोणी काय सांगितलं ते तारखेसह लिहून ठेवा.