शब्दकोशातला बहावा

आमच्या घरासमोर एक बहावा होता. वैशाखात तो पिवळ्या झुंबरांनी असा डवरायचा की, अभ्यास करताना पुस्तकापेक्षा खिडकीकडेच लक्ष जास्त! रस्तारुंदीत तो तोडणार हे कळले, तेव्हा मी घाईघाईने फुलांचा एक घोस जाडजूड शब्दकोशात दाबून ठेवला. झाड गेले. आषाढात शब्दकोश उघडला, तर पाकळ्यांवर बुरशी आणि पानांवर तपकिरी डाग!

माझे काय चुकले, हे वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी समजावून सांगितले. फूल वाळवणे म्हणजे त्यातले पाणी काढून घेणे. ते लवकर आणि सर्व बाजूंनी सारखे निघाले पाहिजे. पाणी रेंगाळले की बुरशी धरते, रंगही जातो. म्हणून फुले सकाळचे दव उडाल्यावर तोडावीत, टीपकागदात सुटी मांडून वर वजन ठेवावे आणि पहिले काही दिवस कागद रोज बदलावा. मी तो एकदाही बदलला नव्हता.

फुलाचा आकार टिकवायचा तर वाळू हवी. बारीक वाळू धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्यावी. डब्यात फूल उभे धरून पाकळ्यांभोवती चमच्याने ती हळूहळू सोडावी. डबा उघडाच ठेवावा. 1 ते 3 आठवड्यांत फूल वाळते. सिलिका जेल वापरल्यास काही दिवसांतच काम होते. मात्र तेव्हा झाकण घट्ट हवे, नाहीतर ते हवेतलेच पाणी शोषत बसते. पिवळा रंग बराच टिकतो, लाल काळपटतो. गुलमोहराने माझी निराशाच केली.

पानांची तऱ्हा निराळी. जाड, चिवट पानांच्या डहाळीचे टोक ठेचून ती 1 भाग ग्लिसरीन आणि 2 भाग गरम पाणी यांच्या मिश्रणात दोन-तीन आठवडे उभी ठेवतात. पाण्याची जागा ग्लिसरीन घेते. पान तपकिरी होते, पण चुरत नाही. पिंपळपान मात्र पाण्यात महिनाभर कुजवावे. मऊ भाग निघून जातो, शिरांची जाळी उरते. वास सोसण्याची तयारी हवी, इतकेच!

यंदा मावशीच्या अंगणातला बहावा मी वाळूत वाळवला. बूच लावलेल्या बरणीत तो अजून पिवळा आहे. पण ते आमचे झाड नव्हे. म्हणून त्याच्या शेंगेतले टणक बी घासून, रात्रभर भिजवून कुंडीत पेरले आहे. मित्रहो, आवडत्या झाडाचे फूल झाड उभे असतानाच जपून ठेवा. आणि जमल्यास बीसुद्धा.