वॉशिंग मशीनचा टेंपरेचर सेन्सर: बिघाड ओळखावा कसा

पाणी तापवून कपडे धुणाऱ्या वॉशिंग मशीनमध्ये टबाच्या तळाशी हीटर असतो आणि त्याच्या शेजारी रबरी बुचात घट्ट बसवलेला टेंपरेचर सेन्सर. पितळी किंवा स्टीलच्या टोपणात मोहरीएवढा मणी आणि त्यातून बाहेर आलेल्या दोन वायरी, एवढाच त्याचा पसारा. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंची ऑक्साइडे भट्टीत भाजून हा मणी बनतो. साधी तांब्याची तार तापली की तिचा विद्युत रोध वाढतो. या मण्याचा मात्र कमी होतो, आणि तोही झपाट्याने. अशा मण्याला थर्मिस्टर म्हणतात. मायकेल फॅरडे यांनी हा उलटा स्वभाव १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता, पण कारखान्यात बनवता येण्याजोगा थर्मिस्टर यायला सॅम्युएल रूबेन यांच्या १९३० च्या सुमाराच्या कामापर्यंत वाट पाहावी लागली.

सेन्सरचा बिघाड प्रामुख्याने फ्रंट लोड मशीनचा. सेमी ऑटोमॅटिकमध्ये हीटर नसतो आणि पुष्कळशा टॉप लोडमध्येही नसतो. भारतात फ्रंट लोड मशीन घरोघरी नेण्यात आयएफबी कंपनीचा वाटा मोठा. तिचा कारखाना गोव्यात वेर्ण्याला आहे. मराठवाड्याचा या यंत्राशी संबंध त्याआधीचा. व्हिडिओकॉनचा कारखाना औरंगाबादजवळ, पैठण रस्त्यावरच्या चितेगावला होता आणि तिथली मशीन गावोगाव पोचली. नांदेड जिल्ह्यातल्या भोकरसारख्या तालुक्याच्या गावी बादलीने पाणी ओतून चालणारी सेमी ऑटोमॅटिक अजूनही सोयीची वाटते, कारण फ्रंट लोडला नळाच्या पाण्याचा सतत दाब लागतो. गच्चीवर टाकी असलेल्या घरांत मात्र फ्रंट लोड आले आणि त्यासोबत हीटर, सेन्सर आणि त्यांची दुखणीही आली.

मशीनचा बोर्ड सेन्सरचे तापमान थेट वाचत नाही. तो पाच व्होल्टचा दाब एका ठरावीक रोधातून सेन्सरकडे पाठवतो आणि मधल्या बिंदूवर किती व्होल्ट उरले ते पाहतो. सेन्सर थंड असला तर व्होल्ट जास्त, तापला तर कमी. या आकड्यावरून बोर्ड हीटर चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवतो. वायर तुटली तर व्होल्ट पाचच्या जवळ जातात, म्हणजे बोर्डाला पाणी बर्फाहूनही थंड भासते. दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या तर व्होल्ट शून्यावर येतात आणि पाणी उकळत्याहूनही गरम ठरते. या दोन्ही गोष्टी अशक्य आहेत हे बोर्डाला शिकवलेले असते, म्हणून तो काम थांबवून पडद्यावर खूण दाखवतो. एलजीच्या मशीनवर ती ‘टीई’ असते, सॅमसंगच्या जुन्या मशीनवर ‘टीई’ आणि नव्यांवर ‘टीसी’. सॅमसंगवर ‘एचसी’ किंवा ‘एचई’ दिसले तर मात्र तक्रार पाणी तापण्याची, म्हणजे बहुधा हीटरची आहे. ही अक्षरे दिसली की पुष्कळजण सेन्सरच खराब झाला असे धरून चालतात. खरे तर ती एवढेच सांगतात, की सेन्सरच्या सर्किटात कुठेतरी गडबड आहे. त्या सर्किटात सेन्सर, दोन वायरी, दोन-तीन कनेक्टर आणि बोर्ड एवढे सगळे येते.

गावाकडचा पहिला संशय उंदरावर घ्यावा. बऱ्याच मशीनचा तळ उघडा असतो, आतली जागा उबदार असते आणि वायरीचे प्लास्टिक कुरतडायला उंदराला आवडते. दुसरा संशय वायर जिथे टबावरून बॉडीकडे वळते त्या जागेवर. पिळणीच्या वेळी टब हादरतो, वायर त्याच ठिकाणी वाकत राहते आणि प्लास्टिक शाबूत असताना आतली तांब्याची तार तुटते. अशी वायर मशीन उभे असताना जोडलेली राहते आणि फिरायला लागले की सुटते. कारागीर घरी येतो तेव्हा मशीन नीट चालते आणि तो गेल्यावर पुन्हा अडते, त्याचे कारण बरेचदा हेच.

तपासाला सुरुवात प्लग काढून, नळ बंद करून आणि खालच्या फिल्टरमधून पाणी सोडून करावी. प्लग काढल्यावरही बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटे वीज साठलेली राहते, तेव्हा थोडे थांबणे बरे. काही मशीनमध्ये हीटर मागच्या पत्र्याआड असतो, काहींत पुढच्या. त्याच्याकडे येणाऱ्या जाड वायरी हीटरच्या. बारीक दोन सेन्सरच्या. काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मग सेन्सरचा कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने त्याच्या दोन पिनांमधला रोध मोजावा.

इथे सर्वांत जास्त चुका होतात. सेन्सरचा छापील रोध २५ अंशांचा असतो. मशीन कोणत्या कंपनीचे त्यानुसार तो सुमारे ५, १०, १२ किंवा ४० ते ५० किलोओहमही असू शकतो. आता २५ अंशांना १० किलोओहम असलेला नेहमीचा सेन्सर घ्या. भोकरला मे महिन्यात भर दुपारी पारा ४२ वर असताना तो मीटरवर ४.९ च्या आसपास दाखवेल. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना १८ च्या पुढे जाईल. दोन्ही वेळा सेन्सर अगदी ठणठणीत. छापील १० शी ताडून पाहणारा कारागीर मात्र उन्हाळ्यात तो ‘अर्धा गेला’ म्हणून फेकेल आणि थंडीत ‘दुप्पट झाला’ म्हणून. त्यामुळे रोध मोजताना शेजारी साधा थर्मामीटर ठेवणे हा चोखंदळपणा नाही, तो तपासाचाच भाग आहे. आकडा बरोबर आला तर सेन्सर दोन बोटांत धरावा. खोली अंगापेक्षा थंड असेल तर अंगाच्या उबेने रोध हळूहळू आणि सलग उतरला पाहिजे. तो उड्या मारत असेल किंवा जागचा हलतच नसेल तर सेन्सर बदलावा.

सेन्सर चांगला निघाला तर तेच माप बोर्डाच्या टोकाकडच्या कनेक्टरवर घ्यावे. दोन्हीकडचा आकडा सारखा हवा. मीटर लावलेला असतानाच वायर ठिकठिकाणी हलवून पाहावी. आकडा नाचला तर तुटकी जागा सापडली. वायरही ठीक असेल तर सेन्सरच्या जागी त्याच्या छापील रोधाएवढा साधा रेझिस्टर जोडून मशीन चालू करता येते. खूण गेली तर बोर्ड निर्दोष, राहिली तर बोर्ड संशयित. ही युक्ती फक्त खूण पाहण्यापुरती वापरावी, तीही थंड पाण्याच्या प्रोग्रॅमवर. तो रेझिस्टर बोर्डाला कायम २५ अंशच सांगत राहील, त्यामुळे गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला तर हीटर बंदच होणार नाही.

सगळ्यांत फसवा बिघाड खूण न दाखवणारा असतो. ओलीने कनेक्टरची पिन गंजली आणि सर्किटात ३ किलोओहमची भर पडली, असे समजा. ४० अंशांचा प्रोग्रॅम लावल्यावर बोर्ड ५.३ किलोओहमची वाट पाहतो. त्यातले ३ गंजाचे, म्हणून सेन्सरला २.३ वर यावे लागते आणि तोवर पाणी ६२ अंशांपर्यंत पोचलेले असते. पडदा ४० म्हणतो आणि आत रंग उतरतात, लोकर आकसते. उलट, रबरी बुचातून पाणी झिरपून दोन पिनांमध्ये ओलीची वाट तयार झाली तर रोध कमी दिसतो, बोर्डाला पाणी तापलेले वाटते आणि कपडे गार पाण्यातच धुतले जातात. ही दुसरी गोष्ट उन्हाळ्यात लक्षातही येत नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणीच तेव्हा इतके तापलेले असते, की हीटरला फारसे काम उरत नाही. तक्रार थंडीत येते आणि दोष त्याच महिन्यातला समजला जातो.

बोअरच्या पाण्याचा स्वतंत्र विचार करायला हवा. पाणी जड असते म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. ते तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारा कार्बोनेट हीटरवर पांढरा थर धरतो. शेजारच्या सेन्सरवरही तो बसतो. थराखाली सेन्सर बिघडत नाही, पण पाण्याची उष्णता त्याच्यापर्यंत उशिरा पोचते, आणि तोवर हीटर चालूच राहतो. दोन किलोवॉटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर ओढतो, तेव्हा ही दिरंगाई बिलातही दिसते. त्याचा रोध २६ ओहमच्या आसपास असतो. सेन्सर तपासताना तोही मोजून घ्यावा, पत्रा एकदा उघडलाच आहे. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व टाकून रिकामे मशीन गरम पाण्यावर चालवले की थर बराचसा सुटतो. जाड थर मात्र हीटर बाहेर काढूनच साफ करावा लागतो, आणि परत बसवताना रबरी बूच नीट न बसल्यास गळती ठरलेली.

नवा सेन्सर घेताना मशीनचा पूर्ण मॉडेल नंबर सांगावा. दिसायला सारखे आणि कनेक्टरही जुळणारे दोन सेन्सर वेगवेगळ्या रोधाचे असू शकतात. चुकीचा बसला तर मशीन खूण न दाखवताही चुकीचेच तापमान मोजेल. भोकरच्या ग्राहकाला सुटा भाग आणि सर्व्हिस सेंटर या दोन्हींसाठी बहुधा नांदेडच गाठावे लागते, म्हणून मोजमाप आधी घरीच झालेले बरे. सेन्सर काही शे रुपयांत येतो, बोर्डाला काही हजार पडतात, आणि तुटकी वायर जोडायला सोल्डरच्या थेंबापलीकडे फारसे काही लागत नाही. बोर्ड बदलायला हवा असे कुणी सांगितले, तर सेन्सरचा मीटरवरचा आकडा आणि मोजताना तापमान किती होते, हे दोन्ही आधी विचारून घ्यावे.