थोरल्या काडतुसाची भूल

मॅग्नम हा शब्द मुळात बंदुकीचा नव्हे, बाटलीचा. शॅम्पेनच्या नेहमीच्या बाटलीपेक्षा दुप्पट, म्हणजे दीड लिटरच्या बाटलीला मॅग्नम म्हणतात. इंग्लंडातल्या बंदूकवाल्यांनी हा शब्द उचलला आणि ज्या काडतुसात नेहमीपेक्षा जास्त दारू ठासली आहे, त्याला तो चिकटवला. मराठी माणसाला यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे प्यायची तीही दारू आणि उडवायची तीही दारूच!

२०२३ च्या सप्टेंबरात मी भाच्याकडे कोलोरॅडोला गेलो होतो. त्याचा शेजारी दरवर्षी एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. नर तीनशे किलोच्या पुढेही भरतो. त्या शेजाऱ्याबरोबर आम्ही शिकारसाहित्याच्या एका दुकानात गेलो. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात बिस्किटांचे पुडे लावलेले असतात, तशी तिथे काडतुसांची खोकी लावलेली. प्रत्येक खोक्यावर वेगळे नाव, वेगळा आकडा. भाचा म्हणाला, "मामा, यातलं निम्मं मी इथं आलो तेव्हा बाजारात नव्हतं." मी विचारले, "का रे, तेव्हाची हरणं मरत नव्हती का?" तो हसला, पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

काडतूस या वस्तूशी माझा संबंध शिकारीमुळे आला नाही, नोकरीमुळे आला. नव्वदच्या सुमारास मी राजूरला एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. राजूर हे अकोले तालुक्यातले, सह्याद्रीच्या कुशीतले बाजाराचे गाव. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. डांगी जनावरांचे प्रदर्शन आणि पेढे यांसाठी ते पंचक्रोशीत ओळखले जाते. आमच्या शाखेच्या दाराशी दोन नळ्यांची बारा बोर बंदूक घेऊन एक माजी हवालदार बसत. ठरावीक तारखेला त्यांची काडतुसे मोजून नोंदवहीत सही करायची, हे माझे काम. 'बारा बोर' म्हणजे काय, हे मला त्यांनीच सांगितले. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर. एकदा मी विचारले, "हवालदार, ही कधी उडवलीत का हो?" ते म्हणाले, "साहेब, ही बंदूक मारायसाठी न्हाई, दिसायसाठी हाये." अमेरिकेतल्या त्या दुकानात मला हे वाक्य राहून राहून आठवत होते.

आता थोडा हिशेब. तो केल्याशिवाय बँकेतल्या माणसाला चैन पडत नाही. रायफलच्या काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. अमेरिकेत शिकारीचे सगळ्यांत रुळलेले काडतूस म्हणजे .३०-०६. त्यातला ०६ हा आकडा सालाचा, १९०६ चा. त्यात ११.७ ग्रॅमची गोळी घातली, तर ती नळीतून सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगाने सुटते. तीच गोळी .३०० विंचेस्टर मॅग्नममधून सुमारे ९०० मीटरने सुटते. वेगात वाढ दहा टक्क्यांच्या आसपास. त्यासाठी दारू मात्र तीस टक्के जास्त जाळावी लागते, आणि खांद्याला बसणारा धक्काही सारख्या वजनाच्या रायफलीत सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. म्हणजे भांडवल तीस टक्के वाढवून उत्पन्न दहा टक्क्यांनी वाढले. असे कर्जप्रकरण माझ्याकडे आले असते, तर मी अर्जदाराला खुर्ची देऊन चार प्रश्न विचारले असते.

वाढलेला वेग निरुपयोगी आहे असे नव्हे. गोळीचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दहा टक्के वाढला की जोर एकवीस टक्के वाढतो. गोळी वाटेत खाली कमी झुकते, वाऱ्याने थोडी कमी ढळते. डोंगराच्या या सोंडेवरून पलीकडच्या सोंडेवरचे जनावर टिपणाऱ्याला त्याचा फायदा होतो. पण असे अंतर किती शिकारी मारतात आणि किती जण नुसते बोलतात, हा प्रश्न उरतोच.

या बाजाराची चाल पाहिली तर फटफटी आणि मोटारगाड्यांची आठवण येते. १९४४ साली रॉय वेदरबी या अमेरिकन गृहस्थाने .३०० वेदरबी मॅग्नम काढले आणि वेग ही विकायची वस्तू आहे हे सिद्ध केले. मग मोठ्या कंपन्या जाग्या झाल्या. विंचेस्टरने १९५६ ते १९६३ या काळात ओळीने चार मॅग्नम आणली. रेमिंग्टनने १९६२ साली ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आणले आणि त्याच वर्षी नवी '७००' रायफलही काढली. ही जोडी इतकी खपली की विंचेस्टरचे .२६४ मॅग्नम तिच्यापुढे कायमचे मागे पडले. या बहुतेक पुंगळ्यांच्या बुडाशी पितळेचा एक उंच पट्टा असतो. हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या कंपनीच्या १९१२ सालच्या .३७५ काडतुसाला तो खरोखर लागत होता, कारण त्याच्या निमुळत्या पुंगळीला नळीत नेमके अडकून बसायला दुसरा आधार नव्हता. पुढच्या काडतुसांना चांगले रुंद खांदे आले, पट्ट्याची गरज संपली. तरी पट्टा राहिला. पट्टा नसेल तर गिऱ्हाइकाला मॅग्नम घेतल्यासारखे वाटेना!

२००१ साली उलटी लाट आली. विंचेस्टरने बुटक्या, जाड, बिनपट्ट्याच्या पुंगळीचे .३०० शॉर्ट मॅग्नम आणले. पाठोपाठ रेमिंग्टननेही आपले बुटके मॅग्नम आणले. ते फारसे रुजले नाही. विंचेस्टरने २००३ मध्ये त्याहून बुटके काढले, तेही विरून गेले. मग हॉर्नडी कंपनीच्या पुढाकाराने ६.५ पीआरसी आणि .३०० पीआरसी ही काडतुसे २०१८ च्या सुमारास आली, २०२२ साली ७ एमएम पीआरसी आले. मधेच २०२१ साली ६.८ वेस्टर्न आले. या नव्या पिढीचा भर दारूपेक्षा गोळीवर आहे. गोळी लांब, वजनदार, टोकदार. ती स्थिर राहावी म्हणून नळीतले आटे जास्त पिळाचे. लेसरने अंतर मोजणारी दुर्बीण आता सहज मिळते, त्यामुळे पाचशे मीटरची भाषा सामान्य शिकारीही करू लागला. अचूकपणात ही काडतुसे जुन्यांपेक्षा सरस आहेत, हे मान्य करायला हवे. आणखी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. अमेरिकेत १९३७ च्या कायद्याप्रमाणे शिकारी बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. म्हणजे नव्या काडतुसाच्या प्रत्येक खोक्यातून हरणाच्या खात्यात थोडी रक्कम जमा होते.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, आपला काय संबंध, असे वाचकांना वाटेल. पण शिकारी काडतुसांच्या बाजाराला एक मोठी कलाटणी मिळाली ती आपल्याच देशामुळे. १९०७ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० जातीच्या शिकारी रायफलींवर बंदी घातली. कारण साधे होते. फौजेतल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींची गोळी त्याच मापाची होती. साहेबाच्या शिकारीची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडली तर त्यांच्या गोळ्या फौजेवरच उलटतील, ही भीती. झाले! लंडनच्या बंदूकवाल्यांचे हिंदुस्थानातले गिऱ्हाईक म्हणजे राजेरजवाडे आणि बडे अंमलदार. ते सोडवत नव्हते. मग .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसे आली. वाघ तोच, रान तेच, हत्तीवरचा हौदाही तोच. काडतूस बदलले ते जनावरामुळे नव्हे, सरकारी हुकमामुळे.

साहेबाची ही भीती राजूरकडच्या माणसाला वेगळी सांगायला नको. राजूरजवळच्या देवगावचा राघोजी भांगरे याच डोंगरांतून इंग्रजांशी आणि सावकारांशी लढला. २ मे १८४८ रोजी त्याला ठाण्याला फाशी दिले. पुढे १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याविना शस्त्र बाळगणे बंद झाले. डोंगरातल्या माणसाची ठासणीची बंदूक गेली आणि त्याच डोंगरांत साहेबाची नवी रायफल आली. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज बादशहा नेपाळच्या तराईत शिकारीला गेला. थोड्याच दिवसांत त्या शिकारीत ३९ वाघ पडले.

त्याच काळात एक माणूस साधी रायफल घेऊन पायी हिंडत होता. १९०७ साली जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, म्हणून त्याला रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट मिळाली. तिचे काडतूस म्हणजे जर्मन माउझरचे ७ एमएम, एकोणिसाव्या शतकातले, धक्क्याला सौम्य. सव्वाशे माणसे खाणारा रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ साली याच रायफलीने पडला. त्याहून मोलाची गोष्ट कॉर्बेटने चंपावतच्या वाघिणीबद्दल लिहून ठेवली आहे. तिचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे तुटलेले होते, आणि ते कुणाच्या तरी गोळीने तुटले होते. नैसर्गिक भक्ष्य धरता येईना, म्हणून ती माणसांवर वळली. चुकलेली एक गोळी, आणि तिची किंमत भरली कुमाऊँच्या खेड्यांनी.

लांबच्या माऱ्याची खरी मेख इथेच आहे. पाचशे मीटरवर गोळीला पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकते. छातीवर धरलेला नेम पोटात बसतो. खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या धास्तीने चाप ओढतानाच डोळे मिटले, तर पन्नास मीटरवरही तेच होते. मॅग्नमचे काडतूस नेम चुकलेल्या माणसाला क्षमा करत नाही. ते फक्त चूक अधिक जोराने करते.

आपल्याकडे हा बाजार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केला. त्या वर्षीच्या गणतीत देशात १,८२७ वाघ उरले होते. २०२२ च्या अंदाजात ते ३,६८२ आहेत. जुन्या वाड्यांतल्या विलायती रायफली तेलपाणी करून भिंतीवर टांगल्या गेल्या, कारण त्यांची काडतुसे मिळेनाशी झाली. नव्या काडतुसाच्या मागे धावणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. काडतूस बाजारातून उठले की हजारो डॉलरची रायफल ही पितळेच्या पुंगळीवाचून नुसती काठी.

आणि तरी बंदुकीचा विषय आमच्या भागात संपलेला नाही. अकोल्याच्या परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसात, मक्यात आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे लावून बिबटे मोजले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाप्रमाणे दर शंभर चौरस किलोमीटरमध्ये सरासरी पाचच्या आसपास प्रौढ बिबटे होते, आणि त्याच जमिनीवर दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे. बिबट्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता. इतक्या दाटीतही बहुतेक रात्री काही न घडता उजाडते. पण एखादी रात्र तशी उजाडत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात, बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुले आणि एक वृद्धा गेली. लोकांनी महामार्ग अडवला, वनखात्याने नेमबाज बोलावले आणि बिबट्याला गोळी घातली. पोटचे पोर गेलेल्या आईबापांपुढे कायद्याची कलमे वाचण्याची कुणाची छाती नाही, आणि ती वाचूही नयेत.

अशा वेळी गावोगाव 'आम्हाला बंदुका द्या' ही मागणी उठते. तिच्यातला राग खरा आहे. पण बिबट्या पन्नास-साठ किलोचा. त्याला पाडायला कुठलेही नवे काडतूस लागत नाही, कॉर्बेटचे शंभर वर्षांपूर्वीचे पुरते. अडचण ताकदीची नाही. माणूस मारणारा बिबट्या कोणता आणि शेजारच्या फडातला निरुपद्रवी कोणता, हे ओळखण्याची आहे. तीस पावलांवर ऊस हलतो, तेव्हा तिथे बिबट्या आहे, कुत्रे आहे, की पाणी धरायला गेलेला चुलतभाऊ, हे अंधारात ठरवण्याची आहे. जखमी होऊन निसटलेला बिबट्या उद्या कुणाच्या दारात येईल, ही आहे.

बिबट्याच्या भागातल्या शेतकऱ्यांची आणखी एक जुनी मागणी आहे: शेतीला दिवसा वीज द्या, म्हणजे रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन फडात शिरावे लागणार नाही. या मागणीला मॅग्नमसारखे भारदस्त नाव नाही, तिच्या जाहिराती छापल्या जात नाहीत, आणि ती भिंतीवर टांगून पाहुण्यांना दाखवता येत नाही. माणूस आणि बिबट्या यांच्यातले अंतर मात्र तिनेच वाढेल.